शैलाचा मेकअप उतरवताना

"चेहऱ्यावरचं सगळं पुसा. मला खालची कातडी बघायची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि शैलानं माझ्याकडं बघितलं.

शैला माझी बायको. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. बेळगावात, खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानात ती सोळा वर्षं काउंटरला उभी होती. सकाळी घरातून निघायची ती चेहऱ्याचं सगळं करूनच. फाउंडेशन, पावडर, काजळ, लिपस्टिक, टिकली. त्या दिवशी डॉक्टरकडं यायचं होतं, तरी तशीच आली होती. आम्ही आलो होतो तिच्या बोटांसाठी. त्यात चेहऱ्याचं काय काम, हे मला कळेना.

नर्सनं कापसाच्या गोल चकत्या आणि एक बाटली पुढं ठेवली. बाटलीत साधं पाणीच आहे असं वाटत होतं. शैलानं चकती उचलायला हात घातला. बोटं वाकेनात. दोनदा चकती टेबलावरून घसरली.

"मिस्टर, तुम्ही करा," डॉक्टरबाई मला म्हणाल्या.

मी टर्नर आहे. उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर लोखंड कातायचं काम करतो. जॉबवरचं, म्हणजे कातलेल्या तुकड्यावरचं, ऑइल पुसायची सवय असलेला हात. त्याच हातानं मी तिचा गाल पुसला.

"अवो, हळू!" शैला कळवळली. "म्या काय लोखंड हाय व्हय?"

नर्स गोकाककडची होती. ती पटकन कानडीत म्हणाली, "अण्णा, मेल्लग, मेल्लग." म्हणजे हळू. मग तिनं माझ्या हातातून चकती घेतली, पाण्यानं भिजवली, शैलाच्या गालावर नुसती ठेवली आणि थांबली. दहा आकडे मोजावेत इतका वेळ. मग न घासता अलगद खाली ओढली. चकतीवर चेहऱ्याचा रंग आला होता.

त्या रंगाखाली लाल ठिपके होते. गालावर, नाकाच्या शेंड्यावर, ओठांच्या कडेला. मोहरीएवढे. मला वाटलं, माझ्या घासण्यानंच उठले. डॉक्टरबाईंनी एका ठिपक्यावर बोट दाबलं, तो नाहीसा झाला. बोट उचललं, परत आला.

"हे किती दिवसांपासून आहेत?"

"वरीस झालं असंल," शैला खाली बघत म्हणाली.

एक वर्ष. आम्ही एका घरात राहतो, एका ताटाला बसतो. मला हे ठिपके दिसले नव्हते. ती मी उठायच्या आधी चेहरा करायची आणि दिवा मालवल्यावर पुसायची.

डॉक्टरबाईंनी तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायला बघितलं. चिमटीत येईना. मग त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "तपासण्या करूच. पण मला वाटतं, हे सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे. स्क्लेरोडर्मा म्हणतात."

शैलानं एवढंच विचारलं, "दुकानात जाता येईल न्हवं?"

•

ज्यांच्या घरात हा आजार येईल त्यांच्यासाठी सांगतो. डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं ते असं. आपल्या शरीराची राखण करणारी शक्ती बिथरते आणि आपल्याच अंगावर उलटते. कातडी जाड, घट्ट होत जाते. वरची कातडी दिसते, पण आतली फुफ्फुसं, अन्ननलिका, रक्तवाहिन्या यांनाही तेच होऊ शकतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून बरा करणारं औषध नाही, पण आवर घालणारी औषधं आहेत. जितकं लवकर सुरू, तितका फायदा.

लवकर. हा शब्द मला अजून टोचतो.

कारण सुरुवात दोन वर्षं आधी झाली होती. माझं गाव गुंजी, खानापूर तालुक्यातलं. तिथं आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी लग्न होतं. थंडीचे दिवस. सकाळी शैला भांडी विसळायला बसली आणि तिची बोटं खडूसारखी पांढरी पडली. अर्धी बोटं पांढरी, अर्धी नेहमीसारखी, मध्ये रेघ मारल्यासारखी. मग निळी झाली. चुलीजवळ बसवल्यावर लाल झाली आणि ठणकायला लागली.

"रगात कमी हाय तिच्यात," आक्का म्हणाली. "खजूर घाल रे तिला रोज."

आम्ही खजूर आणले. गल्लीतल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण थंडीत बोटं अशी पांढरी, निळी, लाल होणं याला रेनॉड फिनॉमिनन म्हणतात. ते पुष्कळ जणींना नुसतंच असतं, आणि काही जणींना मात्र या आजाराची पहिली चाहूल असते. हे मला तेव्हा माहीत असतं तर.

पुढं दुकानात एसी बसला. शैला स्वेटर घालून उभी राहायला लागली. बोटं सुजली. लग्नातली अंगठी रुतून बसली. शेवटी मीच बारीक ब्लेडनं ती कापली. माझा हात कामाचा आहे, तिला ओरखडाही आला नाही. तेव्हा दोघं हसलो होतो.

•

तपासण्यांचे पंधरा दिवस.

एएनए, म्हणजे शरीर स्वतःवर उलटलंय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी. पॉझिटिव्ह. एससीएल सेव्हंटी, म्हणजे या आजाराची खास खूण. तीही पॉझिटिव्ह. पीएफटी, यात नळीत फुंकर मारायची, फुफ्फुसं किती हवा घेतात ते कळतं. शैलाचं तोंड त्या नळीभोवती नीट मिटत नव्हतं. टेक्निशियन चार वेळा म्हणाला, "मॅडम, जोरात, अजून जोरात." ती फुंकून फुंकून रडकुंडीला आली.

एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईनं काढलेला फोटो. त्यात फुफ्फुसांच्या खालच्या भागात जाळी धरलेली दिसली. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडात धरून दाखवली. कांदा बरेच दिवस ठेवलेल्या जाळीच्या पिशवीसारखं काहीतरी दिसलं.

वेटिंग रूममध्ये निळ्या खुर्च्या होत्या. तिथं बसून मी एक गोष्ट करत होतो. शैलाच्या चेहऱ्याकडं बघत होतो. मेकअप न करता ती आली होती, कारण बोटं आणखी आखडली होती, तिला तो करता येईना आणि मला करायला सांगायची तिला लाज वाटत होती. ती पदर तोंडाशी धरून बसायची.

•

औषधं सुरू झाली. बोटांच्या रक्तवाहिन्या सैल करणारी एक गोळी, राखण करणाऱ्या शक्तीला आवरणारी मायकोफेनोलेट, ॲसिडिटीची एक. महिन्याभरात बोटांना थोडा आराम पडला. लिपस्टिक तिची तिला लावता यायला लागली. फाउंडेशन मुलगी, ऋतुजा, कॉलेजला जायच्या आधी लावून द्यायची. शैला परत दुकानात जायला लागली.

राहिला प्रश्न संध्याकाळचा. तो मेकअप उतरवायचा कसा?

पूर्वी ती साबणानं तोंड धुवायची. आता साबणानं कातडी तडकायची, गार पाण्यानं बोटं पांढरी व्हायची आणि गरम पाणी चेहऱ्याला सोसत नव्हतं. ऋतुजा संध्याकाळी क्लासला. म्हणजे मी.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, त्या बाटलीत काय होतं. त्या म्हणाल्या, "मायसेलर वॉटर. पाण्यात साबणाच्या जातीच्या सौम्य पदार्थाचे अतिशय बारीक गोळे असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना मायसेल म्हणतात. गोळ्याची आतली बाजू तेल पकडते, बाहेरची बाजू पाणी धरते. मेकअप तेलकट असतो. तो गोळ्यात अडकतो आणि कापसावर येतो. घासावं लागत नाही."

हे मला लगेच कळलं. आमच्या लेथवर तापलेलं लोखंड गार ठेवायला कूलंट असतं. पाण्यात तेल मुरवलेलं, दुधासारखं पांढरं. तेल आणि पाणी एकत्र नांदवायला त्यातही असंच काहीतरी घालतात. मी घरी येऊन शैलाला म्हणालो, "हे तर आमच्या कूलंटच्या घरातलं निघालं."

"म्हंजे मला लेथवर लावणार म्हणा की," ती म्हणाली.

खडेबाजारात ती बाटली आणायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोरीनं विचारलं, "कुणासाठी, अंकल? ड्राय स्किन का ऑयली?" मागं दोन बायका उभ्या होत्या. माझ्या अंगावर कारखान्याचा निळा ड्रेस. मी म्हणालो, "ड्राय," आणि मान खाली घातली. घाईत जी पुढं आली ती बाटली घेतली. तिला गुलाबाचा वास होता. शैलाला आवडेल वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचे दोन्ही गाल भाजल्यासारखे झाले.

डॉक्टरबाई मला रागावल्या. बरोबरच होतं. वास नको, अल्कोहोल नको. बाटलीवर फ्रेगरन्स फ्री लिहिलेलं बघून घ्या, आणि नवीन बाटली आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. आणखी एक. हे पाणी लावून तसंच सोडून द्यायचं नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडानं टिपून घ्यायचं, नाहीतर कोरड्या कातडीला खाज सुटते. मग लगेच मलम. हे सगळं मी कारखान्याच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

आणि एक स्पष्ट सांगतो. या पाण्यानं आजाराला काही होत नाही. आक्कानं गुंजीतल्या एकीला सांगितलं होतं, "शैलाला ते पानी लागू पडलंय." तसं काही नाही. ते फक्त चेहरा स्वच्छ करायचं पाणी आहे.

•

मी शिकलो. बाटली आधी कोमट पाण्याच्या तांब्यात उभी करायची, म्हणजे चकती गार लागत नाही. पहिली चकती कपाळावर. मग गाल, बाहेरच्या बाजूला. दर वेळी चकतीची स्वच्छ बाजू. काजळाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मिटलेल्या डोळ्यावर चकती ठेवायची आणि मनात वीस मोजायचे. मी मोजायचो तेव्हा ती बोलायची.

एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं बोललो नव्हतो. मी कामावरून यायचो, जेवायचो, बातम्या बघायचो. आता रोज पाव तास ती डोळे मिटून बसायची आणि मी तिच्यासमोर स्टुलावर. ती दुकानातलं सांगायची. कुठली गिऱ्हाइकं वीस साड्या उघडायला लावून "परत येतो" म्हणून गेली. निपाणीच्या, तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायची. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, घरी आल्यावर तोंड धुऊन पावडर लावायची आणि मगच चूल पेटवायची. शेजारच्या बायका हसायच्या. आई म्हणायची, दिवसभर धूळ खाल्ली, आता जरा माणसागत बसू दे.

हे मला माहीतच नव्हतं. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली होती.

मी चांगला नवरा होतो असं या लिहिण्यावरून कुणाला वाटू नये, म्हणून पुढचं सांगतो. एका संध्याकाळी कारखान्यात डबल ड्यूटी करून आलो होतो. शैला स्टूल ओढून, चकत्या काढून वाट बघत बसली होती. मी म्हणालो, "आता कशाला हे सगळं? कुणाला दावायचंय? नगं लावू की उद्यापास्नं."

ती उठली आणि स्वतः नळाखाली तोंड धुवायला गेली. बोटं पांढरी पडली तरी धूत राहिली. मी टॉवेल घेऊन गेलो तर म्हणाली, "मानसं साडी बघायच्या आदी माझं तोंड बघत्यात. आनि मी बी बघती की आरशात. त्यातलं मला काय वळखू येतंय, ते माझं मला राखू द्या."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर जाऊन बसलो. ती आली, समोर बसली, डोळे मिटले. मी कपाळापासून सुरुवात केली. माफी मागायला मला जमलं नाही. अजून त्याची खंत आहे.

•

दुसऱ्या वर्षी तोंड लहान झालं. ओठांभोवतीची कातडी आवळली. भाकरीचा तुकडा नखाएवढा करून द्यावा लागायचा. बोटांच्या टोकांना जखमा झाल्या, त्या भरता भरेनात.

दुकानाचे मालक भले होते. त्यांनी तिला उभं राहायचं बंद करून खुर्ची दिली. ती सांगायची, दुसऱ्या मुली साड्या उघडायच्या. एकदा कणकुंबीहून एक बाई मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला आली होती. काउंटरवरच्या मुली जेवायला गेल्या होत्या. शैला उठली, साडीची घडी उघडायला गेली, आणि साडी हातातून निसटून खाली पडली. त्या बाईनं वाकून उचलली, स्वतःच उघडली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं आक्का. तू नुसतं सांग, कुठली घेऊ."

शैलानं सांगितली. बाईनं तीच घेतली. संध्याकाळी हे सांगताना शैलाचे डोळे मिटलेले होते आणि चकतीखालून पाणी आलं. मला वाटलं, मी जास्त भिजवली.

"चांगली बाई हुती," शैला म्हणाली. "पर आता म्या जात न्हाय दुकानात."

तिनं दुसऱ्या दिवसापासून काम सोडलं. चेहरा करायचं मात्र सोडलं नाही. घरात बसायचं असलं तरी काजळ आणि टिकली.

•

खोकला आधीपासून होता. मग जिना चढताना दम लागायला लागला. मग अंघोळ करून आली की दम. डॉक्टरबाईंनी फुफ्फुसांसाठी आणखी एक औषध सुरू केलं. काही महिने बरं गेलं.

एका सोमवारी नेहमीची तपासणी होती. ऋतुजानं आईला तयार केलं. लिपस्टिक जरा गडद वाटली मला, पण मी काही म्हणालो नाही. एकदा म्हणून बसलो होतो.

हॉस्पिटलात नर्सनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवणारा चिमटा. आकडा येईना. या आजारात बोटांत रक्तच नीट पोचत नाही, त्यामुळं तिथं आकडा येत नाही किंवा चुकीचा येतो. हे लक्षात ठेवा. कानाच्या पाळीला लावायला सांगा. कानाला लावल्यावर आकडा आला आणि नर्स पळत डॉक्टरबाईंना बोलवायला गेली.

"ओठ पुसा," डॉक्टरबाई आल्या आल्या म्हणाल्या. "मला ओठांचा रंग बघायचाय."

बाटली आता माझ्या पिशवीत असायची. मी चकती भिजवली. शैलानं मान फिरवली.

"शैला," मी म्हणालो.

"नगा," ती म्हणाली. "ठेवून घेत्यात हितंच."

मी तिच्या हनुवटीला हात लावून तोंड माझ्याकडं केलं. चकती ओठांवर ठेवली. मनात वीस मोजायला गेलो, मधेच चुकलो. लाल रंग उतरला. ओठ जांभळासारखे निळे होते. तीन-चार दिवसांपासून तसे होते, तिनं नंतर सांगितलं. ऋतुजालाही बोलू नकोस म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात ऋतुजाची परीक्षा होती आणि आई ॲडमिट झाली तर ती पेपर देणार नाही, एवढीच तिला भीती.

ऋतुजा सतरा वर्षांची. ती माझ्यामागं भिंतीला टेकून उभी होती. "पप्पा, मला वाटलं थंडीनं झालेत," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिला आजही सांगतो, बाळा, तुझं काही चुकलं नाही. मी रोज ते ओठ पुसत होतो. संध्याकाळी, पिवळ्या बल्बच्या उजेडात. मलाही दिसले नाहीत.

•

अकरा दिवस हॉस्पिटलात होतो. तोंडाला मास्क, त्यातून जोरानं हवा. घट्ट कातडीवर मास्कची कड रुतायची, नाकाच्या हाडावर वण पडला. नर्सला विचारून मी दिवसातून दोनदा मास्कखालचा भाग टिपून घ्यायचो. आता तिथं मेकअप नव्हता. नुसता घाम आणि मलमाचा चिकटा. पण तिला ती चकती लागली की कपाळावरची आठी सैल व्हायची.

नवव्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. "फुफ्फुसं फार आवळली आहेत. व्हेंटिलेटरवर घालता येईल. पण एकदा नळी घातली तर ती निघण्याची आशा फार कमी आहे. तिच्याशी बोलूया का?"

त्या स्वतः आत आल्या, शैलाच्या पलंगावर बसल्या आणि तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शैलानं मास्क जरा बाजूला केला.

"नळी नको," ती म्हणाली. "घरी न्या."

मी त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडलो. चहावाल्यानं न विचारता चहा आणून दिला आणि शेजारी बसून राहिला. त्याचं नाव मला माहीत नाही.

•

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ती आणखी एकोणीस दिवस होती.

त्यातल्या एका दुपारी दुकानातल्या चौघी तिला भेटायला येणार होत्या. सकाळपासून तिची गडबड सुरू होती. ऋतुजा परीक्षेला गेली होती. शैलानं मला आरसा आणायला सांगितला, मग काजळाची डबी.

"तुम्हीच लावा."

मी आजवर उतरवायचं काम केलं होतं. लावायचं कधीच नाही. मिलिमीटरचा शंभरावा भागही चुकू न देणाऱ्या माझ्या हाताला इथं अंदाजच येईना. एक डोळा बरा जमला, दुसऱ्याचं काजळ पार कानाकडं गेलं. टिकलीही जरा डावीकडं लागली. तिनं आरशात बघितलं.

"टर्नर न्हवं का तुम्ही?" ती म्हणाली. "सेंटर चुकलंय की."

ती हसली. खोकला आला, तरी हसली. चौघी आल्या तेव्हा तिनं पहिलं हेच सांगितलं, आणि त्या पाचजणींचं हसणं मी स्वयंपाकघरात चहा करताना ऐकलं. पुष्कळ दिवसांनी घरात तसा आवाज झाला होता.

आठवडाभरानं, एका सकाळी ऋतुजा पाणी पाजत असताना शैला गेली. झोपेत जावं तशी नाही, थोडा त्रास झाला. मी तिथं होतो, माझा हात तिच्या डोक्यावर होता. ऋतुजाचा शेवटचा पेपर आदल्या दिवशी झाला होता.

•

हे मी का लिहितो आहे, तर कुणाच्या घरी थंडीत बोटं पांढरी पडत असतील, अंगठी रुतत असेल, चेहऱ्यावर दाबल्यावर जाणारे लाल ठिपके असतील, तर खजुरावर थांबू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. आणि तपासणीला जाताना चेहरा, ओठ, नखं काही न लावता न्या. तिला वाईट वाटेल. तिला सांगा, तपासून झालं की मी परत लावून देतो. असं सांगायला मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरबाईंचे आभार मानायला मी गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मी तिला बरं करू शकले नाही." मी म्हणालो, "तुम्ही मला तिचा चेहरा दाखवलात." त्यांना ते कसं वाटलं माहीत नाही. त्यांनी पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.

लोक म्हणतात, आजारपण माणसाला जवळ आणतं. मी या आजाराचं काहीही चांगलं म्हणणार नाही. त्यानं माझी शैला नेली. तिच्यासमोर स्टुलावर बसायला मला आजाराची गरज पडली, हा दोष माझा आहे.

आता घरात आम्ही दोघं. ऋतुजा डिग्रीला आहे. मी कामावरून आलो की टीव्ही लावत नाही. ती येईपर्यंत भात लावतो, आमटी करतो. परवा ती आली, चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि नेहमीसारखी "भूक लागलीय" म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं.

"काय झालं गं? चेहरा उतरलाय."

ती जागच्या जागी थांबली. तिचा कॉलेजात कुणाशी तरी वाद झाला होता, ते नंतर जेवताना तिनं सगळं सांगितलं. पण त्या क्षणी ती माझ्याकडं बघतच राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला हे कधीपासनं कळायला लागलं?"